‘गुन्हा गंभीर आहे’ याच्या पुढचे वाक्य

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती व मा. न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय,
तसेच महाराष्ट्र आणि गोव्यातील सर्व सत्र न्यायाधीश

महोदय, महोदया,

खून, बलात्कार, दरोडा, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का, दहशतवादविरोधी यूएपीए, अमली पदार्थ अशा प्रकरणांतले जामीन अर्ज फेटाळताना आदेशात एक वाक्य हमखास येते : ‘गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे.’ बहुतेक वेळा ते खरे असते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्या पुढचे वाक्य लिहिले जात नाही, ही माझी तक्रार आहे. गुन्हा गंभीर आहे, मग खटला केव्हा संपणार? दोषी की निर्दोष हे ठरण्याआधी या माणसाला आणखी किती वर्षे आत राहावे लागेल? आदेशात याचे उत्तर नसते, कारण सुनावणीत तो प्रश्नच कोणी विचारलेला नसतो. तो विचारणे आणि त्याचे उत्तर नोंदवणे बंधनकारक करावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्याने ज्यांना खासगी वकील परवडत नाही अशा कच्च्या कैद्यांची (ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशांची) कामे माझ्याकडे येतात. मूळ फिर्यादीच्या वतीने जामिनाला विरोध करायलाही मी उभी राहिले आहे, आणि तो विरोध मनापासून केला आहे. त्यामुळे ‘सोडा, सगळ्यांनाच सोडा’ असे सांगणारे हे पत्र नाही. काही माणसांना खटला संपेपर्यंत बाहेर सोडू नये, असे मला आजही वाटते.

जामीन ठरवताना काय पाहायचे हे आपल्याला मी सांगायची गरज नाही. प्रथमदर्शनी पुरावा किती, आरोपाचे स्वरूप काय, शिक्षा किती होऊ शकते, आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावील का, पुन्हा तेच करील का. सर्वोच्च न्यायालयाने हे निकष पुन्हा पुन्हा सांगितले आहेत. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद हे सूत्र मांडले. २०११ मध्ये टू-जी प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, खटल्याआधीची कोठडी ही शिक्षा म्हणून वापरता येत नाही, आरोपी खटल्याला हजर राहावा हा जामिनाच्या अटींचा हेतू असतो.

आता सत्र न्यायालयात प्रत्यक्ष काय होते ते पाहा. अर्ज दाखल होतो, ‘से’साठी, म्हणजे सरकारी पक्षाच्या लेखी म्हणण्यासाठी, तारीख पडते, तपासी अंमलदाराचा से येतो. आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणील, पुराव्यात ढवळाढवळ करील, पुन्हा गुन्हा करील, ही चार वाक्ये त्यात असतात. खुनाच्या से मध्ये आणि घरफोडीच्या से मध्ये ती शब्दशः सारखी सापडतात. आरोपीचे घर कुठे आहे, तो पळून जाणार कुठे, पंच आणि डॉक्टर वगळले तर गावातले साक्षीदार किती, त्यांतल्या कोणाला आजवर धमकी आली का, आली असेल तर तिची नोंद ठाण्यात आहे का, यातले काहीच त्या कागदावर नसते. सरकारी वकिलांच्या हातात तोच कागद असतो. माझा युक्तिवाद होतो, त्यांचा होतो, आणि मग आदेशात ते वाक्य येते.

गंभीर गुन्ह्यात भीती खरी असते, हे मी जवळून पाहिले आहे. आरोपी आणि पीडित मुलगी एकाच आळीत राहत असतील, तर आरोपी गल्लीतून नुसता फिरला तरी साक्ष बदलू शकते. पण पळून जाण्याची भीती वेगळी, साक्षीदाराच्या जिवाची भीती वेगळी आणि टोळी बाहेरून चालवली जाईल ही भीती आणखी वेगळी. पहिलीवर पासपोर्ट आणि पोलीस ठाण्यातली हजेरी हा उपाय असू शकतो. दुसरीवर कधी तालुक्याबाहेर राहण्याची अट पुरते, कधी महत्त्वाच्या साक्षीदाराची साक्ष होईपर्यंत जामीन थांबवावा लागतो. तिसरीवर कदाचित तुरुंगाशिवाय मार्ग नसेल. ‘गुन्हा गंभीर आहे’ असे लिहिले की या तिन्ही भीती एकाच शब्दात बुडून जातात आणि प्रत्येकीचा वेगळा विचार होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाला या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. पुण्यात रँडचा खून झालेला, सरकार चवताळलेले, आणि कलम जन्मठेपेच्या काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा देणारे. आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. न्या. बद्रुद्दीन तैयबजी यांनी मात्र जामीन दिला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हा त्यांनी मुख्य प्रश्न मानला. आरोपीला महिनाभर तुरुंगात ठेवले, बचावाची तयारी करू दिली नाही आणि शेवटी तो निर्दोष ठरला, तर तो न्याय होणार नाही, असा त्यांचा विचार होता. टिळक पुढे दोषी ठरले, त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, पण त्यामुळे तैयबजींचा आदेश चुकीचा ठरत नाही. जामिनावर असलेला आरोपी न्यायालयात आला, खटला झाला, निकाल लागला. जामिनाने साधायचे होते ते साधले.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचाच खटला झाला. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून बोललेले दावर आता न्यायाधीश होते आणि त्यांनी जामीन नाकारला. हा प्रसंग आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यातल्या तारखांकडे फारसे कोणी पाहत नाही. अटक २४ जूनला झाली आणि निकाल २२ जुलैला लागला. तो खटला न्याय्य होता असे मी म्हणत नाही. पण जामीन नाकारण्याची किंमत तेव्हा एक महिना होती. तैयबजींना एक महिनासुद्धा जास्त वाटला होता. आज खुनाच्या आरोपीचा जामीन नाकारताना आपण किती काळाची कोठडी देत आहोत, हे आदेश देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कायद्यानेच इथे एक मोठी पोकळी ठेवली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये कच्च्या कैद्याच्या कोठडीला मर्यादा घातली आहे : पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, इतरांसाठी निम्मा. पण ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, त्याला हे लागू नाही. जुन्या संहितेत फाशीचे गुन्हेच वगळलेले होते, नव्या संहितेने जन्मठेपेचेही वगळले. म्हणजे दरोडा किंवा जखमी करून केलेला खुनाचा प्रयत्न अशा आरोपांतही आता ही मर्यादा उरली नाही. एकाहून अधिक खटले चालू असतील, तरी हा लाभ मिळत नाही. आरोपपत्र ठरलेल्या मुदतीत आले नाही तर हक्काचा जामीन मिळतो, पण एकदा आरोपपत्र दाखल झाले की गंभीर गुन्ह्यातल्या माणसाच्या कोठडीला कायद्याच्या पुस्तकात कमाल मर्यादा उरत नाही. ती मर्यादा घालणारे फक्त आपण आहात.

देशभरातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांतल्या तिघांबद्दल अजून काहीच ठरलेले नव्हते.

खटले का लांबतात? आरोपीचे वकील तारखा मागतात, हे कारण न्यायालयात वारंवार ऐकू येते आणि काही प्रकरणांत ते खरेही असते. पण डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातलेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. आरोपी चार वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. खटल्याच्या १०२ तारखा झाल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक तारखांना त्याला न्यायालयासमोर आणलेच गेले नव्हते, प्रत्यक्षही नाही आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर तीव्र नापसंती व्यक्त केली आणि यावर व्यवस्था बसवण्याचे निर्देश दिले. हे वाचताना मला नवल वाटले नाही. ‘पोलीस गार्ड उपलब्ध नाही, आरोपी हजर नाही, पुढील तारीख’ ही रोजनाम्यातली नोंद आमच्या न्यायालयांत कोणालाच नवी नाही. आरोपी आला तर साक्षीदार आलेला नसतो. साक्षीदार आला तर मुद्देमाल आलेला नसतो. सगळे आले तर न्यायाधीशांची बदली झालेली असते. आणि पुन्हा जामीन अर्ज केला की से तोच : गुन्हा गंभीर आहे, आरोपी फरार होईल.

त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच बनावट नोटांच्या एका यूएपीए प्रकरणात जामीन दिला. आरोपी फेब्रुवारी २०२० पासून आत होता, सरकार ८० साक्षीदार तपासणार होते आणि चार वर्षांत आरोपनिश्चितीही, म्हणजे खटल्याची पहिली पायरीही, झालेली नव्हती. न्यायालयाने म्हटले की, गुन्हा कितीही गंभीर असला तरी लवकर खटला चालण्याचा आरोपीचा हक्क जात नाही. राज्याला किंवा तपास यंत्रणेला तो हक्क जपता येत नसेल, तर गुन्ह्याच्या गांभीर्यावर बोट ठेवून त्यांनी जामिनाला विरोध करू नये. हा निकाल आमच्या राज्याच्या विरोधातला आहे. तरी त्यानंतरही मी पाहिलेल्या से मध्ये ‘खटला अमुक काळात पूर्ण करू’ असे एकही वाक्य आलेले मला आठवत नाही.

मोक्का, एनडीपीएस (अमली पदार्थ), पीएमएलए (मनी लाँडरिंग) या कायद्यांत जामिनाच्या दुहेरी अटी आहेत : आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण हवे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही याची खात्री हवी. यूएपीएमध्ये आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की दार बंद. या अटी संसदेने आणि विधिमंडळाने घातल्या आहेत, त्यांच्याशी इथे भांडत बसत नाही. पण २०२१ मध्ये केरळमधल्या प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल तर अशा अटींमुळे घटनात्मक न्यायालयांचे, म्हणजे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे, हात बांधले जात नाहीत. त्या आरोपीने पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत काढला होता आणि २७६ साक्षीदार बाकी होते. विशेष न्यायालये हा निकाल वाचतात आणि ‘तो अधिकार घटनात्मक न्यायालयांचा’ असे लिहून अर्ज फेटाळतात. मग सगळा भार उच्च न्यायालयावर येतो. तिथे अर्जांची रांग, आणि त्या रांगेत आणखी महिने.

याची किंमत काय, हे २०२५ च्या जुलैने महाराष्ट्राला दहा दिवसांत दोनदा दाखवले. २१ जुलैला उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतल्या बारा जणांची निर्दोष मुक्तता केली. तोवर एकोणीस वर्षे गेली होती. त्यांतल्या पाच जणांच्या डोक्यावर दहा वर्षे फाशी टांगलेली होती आणि एकाचा तुरुंगातच मृत्यू झाला होता. तेरावा आरोपी २०१५ मध्ये विशेष न्यायालयातच निर्दोष ठरला होता, पण तोही नऊ वर्षे आत राहूनच. राज्य सरकार अपिलात गेले आहे, मोक्काच्या इतर खटल्यांत हा निकाल दाखला म्हणून वापरता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, आणि अंतिम शब्द तिथेच ठरेल. नंतर ३१ जुलैला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) विशेष न्यायालयाने सोडले. त्यांतल्या प्रमुख आरोपींना जामीन मिळायलाच साडेआठ-नऊ वर्षे लागली होती. एका निकालाने कोणाला आनंद झाला, दुसऱ्याने कोणाला, हे आपण सगळ्यांनी वृत्तवाहिन्यांवर पाहिले. मला या दोन निकालांत एकच गोष्ट दिसते. लोकलमध्ये गेलेल्या १८० हून अधिक माणसांच्या घरच्यांना आणि मालेगावच्या भिक्खू चौकात गेलेल्या सहा जणांच्या घरच्यांना एवढ्या वर्षांनीही गुन्हेगार कोण हे न्यायालयाकडून समजलेले नाही. आरोपींना आत ठेवल्याने त्यांना न्याय मिळाला नाही, खटलाही वेगाने चालला नाही.

उलट, मला तर वाटते की आरोपी आत असला की खटला वेगाने चालवण्याची निकड कमी होते. सरकारी पक्षाला घाई नसते, कारण त्याला हवे ते आधीच मिळालेले असते. पुण्यातल्या एल्गार परिषदेशी जोडलेल्या यूएपीए प्रकरणात सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना जून २०१८ मध्ये अटक झाली, जामीन जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. तोवर आरोपनिश्चिती झालेली नव्हती आणि साक्षीदारांची यादी तीनशेहून अधिक नावांची होती. त्याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते, पार्किन्सनमुळे त्यांना हातात पेला धरता येत नव्हता. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचा जामिनाचा विषय उच्च न्यायालयात प्रलंबित होता. त्यांच्यावरचा आरोप खरा की खोटा, हे आता कधीच ठरणार नाही.

आणि दुसरी बाजू. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा आरोपींना जामीन दिला, प्रदीर्घ कोठडी आणि न संपणारा खटला या कारणासाठी. कायद्याच्या दृष्टीने तो आदेश मला चुकीचा म्हणता येत नाही. पण दहा वर्षे न्यायासाठी रस्त्यावर आणि न्यायालयात उभ्या राहिलेल्या कुटुंबाला त्या दिवशी काय वाटले असेल? तीन-चार वर्षांत खटला पूर्ण झाला असता, तर जामिनाचा हा प्रश्नच उरला नसता. आरोपीचा हक्क आणि फिर्यादीचा हक्क एकमेकांविरुद्ध उभे आहेत असे भासवले जाते, तेव्हा मला राग येतो. दोघांना एकच गोष्ट हवी असते : खटला चालायला हवा.

पीडितांचे म्हणणे ऐकण्याबाबतही हेच. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खेरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन रद्द केला, त्याचे एक कारण पीडितांना नीट ऐकले गेले नाही हे होते. ॲट्रॉसिटी कायद्यात तर हा हक्क कलम १५अ मध्ये लिहिलेला आहे. प्रत्यक्षात नोटीस पोहोचते ती सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी, हवालदाराच्या फोनवरून. शेतमजुरी करणारी बाई दुसऱ्या दिवशी सकाळी साठ किलोमीटरवरच्या न्यायालयात कशी येणार, आणि आली तरी तिच्या बाजूने बोलणार कोण? अटी घालताना तिच्याशी बोलले गेले असते, तर मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला फिर्यादीच्या घरी जाऊन राखी बांधून घ्यायला सांगणारा आदेश निघालाच नसता. तो आदेश २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द करावा लागला.

आपल्यावर दडपण असते, हे मला दिसते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले आणि अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर काही तासांत जामीन मिळाला. अल्पवयीनांचा कायदा वेगळा आहे, तरी लोकांच्या संतापाचा सगळा रोख त्या एका आदेशावर होता. असा संताप पाहिलेला सत्र न्यायाधीश दुसऱ्या दिवशी खुनाच्या आरोपीचा अर्ज हातात घेताना काय विचार करील? जामीन दिला तर बातमी होते, नाकारला तर कोणी विचारत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मनीष सिसोदिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले की, कनिष्ठ न्यायालये आणि उच्च न्यायालये जामिनाच्या बाबतीत सुरक्षित पवित्रा घेतात. एखाद्या न्यायाधीशाच्या धैर्यावर हे सोडून चालणार नाही. न्यायाधीशाला आदेशाच्या कागदावरच आधार मिळायला हवा. ‘खटल्यातले चाळीसपैकी दोन साक्षीदार तीन वर्षांत तपासले गेले, उरलेले केव्हा संपतील हे सरकारी पक्ष सांगू शकला नाही’ असे ज्या आदेशात लिहिलेले आहे, त्या आदेशावर टीका करणाऱ्यालाही आधी सरकारला जाब विचारावा लागेल.

एक आक्षेप मला माहीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की बलात्कार, खून, दरोडा अशा गुन्ह्यांत साक्षी सुरू झाल्यानंतर न्यायालयांनी सहसा जामीन देऊ नये, कारण त्याचा साक्षींवर परिणाम होतो. मला हे पटते. पण आरोपीचा दोष नसताना खटला अवाजवी रेंगाळला तर काय, याची वाट त्याच निकालात मोकळी ठेवली आहे. मग रेंगाळला का आणि कोणामुळे, हे कोणीतरी मोजायला नको? दुसरा आक्षेप असा की, खटल्यांना मुदती घालून देणे घटनात्मक न्यायालयांनी सहसा टाळावे, असे घटनापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटले आहे. म्हणून मी मुदत मागत नाही. मी माहिती मागते आहे.

उच्च न्यायालयाने परिपत्रक काढून किंवा क्रिमिनल मॅन्युअलमध्ये (फौजदारी न्यायालयांसाठीच्या नियमपुस्तिकेत) भर घालून एवढे करावे. आरोपी एक वर्षाहून अधिक काळ कोठडीत असेल, तर जामीन अर्जावर सरकारी पक्षाने एक पानाचे निवेदन दिलेच पाहिजे. अटकेची तारीख, आरोपनिश्चितीची तारीख, यादीतले साक्षीदार किती, त्यांतले खरोखर तपासायचे किती, आजवर तपासले किती, आरोपीला किती तारखांना हजर केले नाही आणि का, तारखा कोणी मागितल्या, आणि खटला कधी संपेल याचा सरकारी पक्षाचा अंदाज. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक तारखेची नोंद ई-कोर्ट्सच्या संगणकात आणि रोजनाम्यात आधीच आहे. बचाव पक्षाने तारखा मागून खटला लांबवला असेल तर तेही त्याच पानावर दिसेल, आणि तेव्हा माझ्या अशिलाला जामीन नाकारला गेला तर मी तक्रार करणार नाही.

त्या पानाबद्दल न्यायाधीशांनी आदेशात किमान एक परिच्छेद लिहावा. अर्ज फेटाळायचा असेल तर तो पुन्हा कधी पाहिला जाईल हे सांगावे, म्हणजे आरोपीला ‘परिस्थितीत बदल’ दाखवण्यासाठी शब्दांची कसरत करावी लागणार नाही. काही वर्षे कोठडीत काढणे हाच परिस्थितीतला बदल आहे. जी भीती वाटते तिचे नाव आदेशात लिहावे, आणि ती एखाद्या साक्षीदाराबद्दल असेल तर त्याची साक्ष आधी घ्यावी. साक्ष झाल्यावर ती भीती उरत नाही, हे सरकारी वकीलही मान्य करतात. पीडिताला नोटीस किमान एक आठवडा आधी मिळावी आणि तिच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याच नोटिशीत नेमलेला असावा.

जामीन मंजूर झाल्यावरही माणूस आत राहतो, त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण निर्देश आधीच आहेत. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या भावाची हमी तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारली गेली होती, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या प्रकाराला कठोर शब्दांत फटकारले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अट शिथिल करण्याचा विचार करावा, आणि जामीनदार स्थानिकच हवा असा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण आहे, तेव्हा ती अट घालू नये. तरीही ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या परजिल्ह्यातल्या माणसाकडे आजही सातबारावाला स्थानिक जामीनदार आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागितला जातो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्यासाठी कोण सातबारा घेऊन येणार?

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या कुटुंबांचा जामिनासाठी मुंबईला होणारा हेलपाटा त्यामुळे थांबला. या भागातली वकील म्हणून मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण सत्र न्यायालयाच्या आदेशात खटल्याच्या स्थितीचा उल्लेख नसेल, तर कोल्हापुरातही तीच सुरुवात करावी लागते : उच्च न्यायालय अहवाल मागवते, अहवाल यायला आठवडे जातात, सरकारी वकील वेळ मागतात, आणि जे खाली पहिल्याच दिवशी कळू शकले असते ते वर महिन्यांनी कळते. माझी विनंती आहे की, हे एक पानाचे निवेदन आधी या सहा जिल्ह्यांत सहा महिन्यांसाठी लागू करावे. त्या काळात आलेली निवेदने आणि त्यांवर दिलेले आदेश, नावे वगळून, उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ठेवावेत. अभियोग संचालनालयाला त्याबाबतचे पत्र या महिन्यातच जाऊ शकते.

आपली विश्वासू,
जिल्हा न्यायालयातील एक वकील